शहरापासून तीस किलोमीटर : सोव्हिएत संघातील 'आवाज' आणि ते ऐकणारी माणसे

सत्तरच्या दशकात शुक्रवारी संध्याकाळी मॉस्कोच्या स्थानकांतून सुटणाऱ्या उपनगरी गाड्या माणसांनी आणि सामानाने गच्च भरलेल्या असत. टोमॅटोची रोपे, फावडी, खाण्याचे डबे, शाळेला सुट्टी लागलेली मुले. बहुतेकांच्या वाट्याला शहराबाहेर सहाशे चौरस मीटरचा जमिनीचा तुकडा आणि त्यावरचे लाकडी घर, म्हणजे 'दाचा', आलेले असे. या सामानात पुष्कळदा आणखी एक वस्तू असे : दोन-सव्वादोन किलो वजनाचा, वर मूठ असलेला आणि ओढून लांब करता येणारी अँटेना लावलेला ट्रान्झिस्टर.

घरी दिवाणखान्यात याहून मोठा आणि दणकट आवाजाचा रेडिओ असतानाही हे ओझे वाहून न्यायचे, याला कारण होते. शहरात संध्याकाळी लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, काटा फिरवला की लंडन, वॉशिंग्टन किंवा म्युनिकच्या जागी करवतीने पत्रा कापल्यासारखा गोंगाट ऐकू येई. तोच काटा त्याच जागी ठेवून माणूस वीस-तीस किलोमीटर बाहेर गेला की त्या गोंगाटाखालून माणसाचा आवाज वर येऊ लागे. सोव्हिएत नागरिकाला जगाची किती बातमी कळणार हे चाळीस वर्षे, बऱ्याच अंशी, तो शहराच्या मध्यापासून किती दूर बसला आहे यावर ठरत होते. ही विलक्षण परिस्थिती कोणी ठरवून निर्माण केली नव्हती. पदार्थविज्ञानाचे नियम आणि राज्यसंस्थेची भीती यांच्या गाठीतून ती घडली.

या भीतीला जुना इतिहास होता. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने आक्रमण केले आणि २५ जूनला पॉलिटब्युरोने निर्णय घेतला : नागरिकांनी आपापले रेडिओ संच सरकारजमा करावेत. युद्धकाळात लोकांना बातम्या मिळत त्या तारेने जोडलेल्या भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून. त्याला आवाज कमी-जास्त करण्याची कळ असे, केंद्र बदलण्याचा काटा नसे. युद्धानंतरही कितीतरी वर्षे लाखो घरांत हाच 'रेडिओ' होता. शासनाच्या दृष्टीने तो आदर्श होता, कारण त्यातून काय ऐकायचे हे ऐकणाऱ्याच्या हाती नव्हते.

पण एवढ्या मोठ्या देशाला केवळ तारांवर भागणार नव्हते. मध्यम लहरींचे प्रक्षेपण काही शे किलोमीटरांत विरते. सैबेरियातील खाणकामगारापर्यंत, आर्क्टिकमधील हवामानकेंद्रापर्यंत किंवा मध्य आशियातील वस्त्यांपर्यंत मॉस्कोचा आवाज पोहोचवायचा तर लघुलहरींना पर्याय नव्हता. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, जाऊन पुन्हा जमिनीकडे वळतात आणि हजारो किलोमीटरांवर उतरतात. त्यामुळे लघुलहरी पकडणारे संच बनवणे भाग होते. आणि जो संच मॉस्को पकडतो तो लंडनही पकडतो.

लंडनहून बीबीसीचे रशियन प्रसारण मार्च १९४६ मध्ये सुरू झाले, 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे फेब्रुवारी १९४७ मध्ये. १९४८ साली सोव्हिएत सरकारने त्यांच्या वारंवारितांवर गोंगाट सोडण्यास, म्हणजे जॅमिंगला, प्रारंभ केला. १ मार्च १९५३ रोजी पश्चिम जर्मनीतून एक नवे केंद्र बोलू लागले. तेच पुढे 'रेडिओ लिबर्टी' या नावाने प्रसिद्ध झाले. पहिले प्रसारण सुरू होऊन काही मिनिटे झाली नाहीत तोच त्यावर गोंगाट आदळला. चार दिवसांनी स्टालिन मरण पावला, धोरणे बदलली, माणसे बदलली. रेडिओ लिबर्टीवरचा गोंगाट मात्र पुढली पस्तीस वर्षे एकदाही थांबला नाही. येथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे केंद्र म्हणजे निःस्पृह सत्यवक्ते नव्हते. १९७१ पर्यंत त्याचा पैसा गुपचूप सीआयएकडून येत होता, आणि शीतयुद्धातील एका बाजूचे ते शस्त्र होते. पण सोव्हिएत श्रोत्याला दुसरी बाजू आपल्याच वृत्तपत्रांतून रोज वाचायला मिळत होती. त्याला कमतरता होती ती ताडून पाहण्याची.

रशियन लोक या साऱ्या परदेशी केंद्रांना मिळून एकच शब्द वापरीत : 'गोलोसा', म्हणजे 'आवाज'. आणि तो आवाज दाबणाऱ्या यंत्राला म्हणत 'ग्लुशिल्का', म्हणजे गळा दाबून गप्प करणारी.

ही ग्लुशिल्का दोन प्रकारची होती, आणि दाचाचे सारे रहस्य या दोन प्रकारांतल्या फरकात आहे.

पहिला प्रकार दूरचा. शेकडो-हजारो किलोमीटरांवर उभारलेली शक्तिशाली प्रक्षेपणकेंद्रे परदेशी केंद्राच्याच वारंवारितेवर गोंगाट सोडत. तो आयनांबरातून वळून मोठ्या प्रदेशावर पसरे. कागदावर हा उपाय संपूर्ण होता, प्रत्यक्षात निसर्ग त्याला दगा देई. वरच्या वारंवारितांच्या लहरी आयनांबरातून परत वळण्यासाठी तिथे सूर्याचा प्रकाश असावा लागतो. रशियातील श्रोत्याकडे संध्याकाळ होते तेव्हा त्याच्या पूर्वेला रात्र झालेली असते आणि पश्चिमेला अजून उजेड असतो. लंडन-म्युनिकच्या लहरी उजेडाच्या बाजूने येत. पूर्वेकडे उभारलेल्या जॅमरच्या लहरी मात्र अंधाऱ्या आयनांबराला भेदून अवकाशात निघून जात. तिन्हीसांजेचा तो तास-दोन तासांचा काळ दूरच्या ग्लुशिल्कांना आंधळा करून टाकी. पाश्चात्त्य अभियंत्यांनाही हे ठाऊक होते, आणि वारंवारिता निवडताना ते या वेळेचा हिशेब करीत.

ही फट बुजवण्यासाठी दुसरा, जवळचा प्रकार होता. शहराच्या आतच लहान प्रक्षेपक बसवायचे. त्यांचा गोंगाट आकाशात जाऊन परत येण्याची गरज नव्हती. तो जमिनीलगत सरळ घराघरांत शिरे, सकाळी, संध्याकाळी, मध्यरात्री, सारख्याच जोराने. याच्यापुढे श्रोत्याचा उपाय चालत नसे. पण जमिनीलगत जाणारी लघुलहर फार लवकर थकते. इमारती, झाडे, उंचवटे तिला गिळून टाकतात आणि वीस-तीस किलोमीटरांनंतर तिच्यात दम उरत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या शहराभोवती गोंगाटाचे एक वर्तुळ तयार झाले. त्या वर्तुळाच्या कडेला बिर्च-पाइनची राने सुरू होत, आणि दाचाही तिथेच होते.

शिवाय त्या रानात ट्राम आणि ट्रॉलीबसच्या तारांवरच्या ठिणग्या नव्हत्या, काँक्रीटच्या भिंती नव्हत्या. झाडावर टाकलेली आठ-दहा मीटरची साधी तार अँटेनेला गुंडाळली की क्षीण केंद्रही जवळ आल्यासारखे वाटे.

आपल्या यंत्रणेची ही मर्यादा सत्तेला ठाऊक नव्हती असे नाही. १९५८ साली पक्षाच्या प्रचारविभागाचे प्रमुख लिओनिद इल्यिचेव्ह यांनी केंद्रीय समितीला सादर केलेला अहवाल आज उपलब्ध आहे आणि तो वाचण्याजोगा आहे. त्या वेळी देशात १,६६० जॅमिंग प्रक्षेपक चालू होते. त्यांची एकत्रित शक्ती १५.४ मेगावॉट होती. एवढा खर्च करूनही उद्दिष्ट साधलेले नाही, मोठ्या शहरांचे मध्यभाग सोडले तर परदेशी केंद्रे देशभर ऐकू येतात, अशी कबुली त्यात आहे. त्याहून गमतीची नोंद पुढे आहे : लघुलहरी पकडणाऱ्या संचांपैकी ८५ टक्के संच देशाच्या युरोपीय भागात आहेत, जिथे स्वदेशी लघुलहरी प्रसारण ऐकूच येत नाही. म्हणजे सरकारी कारखान्यांनी तयार केलेले हे संच तिथे केवळ शत्रूला ऐकण्याच्याच उपयोगाचे होते! नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवर इतकी बोचरी टीका तिच्या शत्रूंनीही क्वचितच केली असेल.

(दोन वर्षांपूर्वीच पोलंडमध्ये या यंत्रांविषयीचा लोकांचा राग उघड झाला होता. २८ जून १९५६ रोजी पोझनान शहरात कामगारांचा उठाव झाला, तेव्हा जमावाने सामाजिक विम्याच्या कार्यालयावर चढून तिथली जॅमिंगची यंत्रे खाली रस्त्यावर फेकून दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोलंडने स्वतःचे जॅमिंग बंद केले.)

अहवालानंतर दोन वर्षांनी त्याच सरकारच्या कारखान्याने श्रोत्याच्या हाती त्याला हवे असलेले साधन आणून दिले. लॅटव्हियाची राजधानी रिगा येथील व्हीईएफ कारखाना जुना आणि नामांकित होता. हेरकथांतून प्रसिद्ध झालेला चिमुकला 'मिनॉक्स' कॅमेरा महायुद्धापूर्वी इथेच तयार होऊ लागला होता. १९६० साली या कारखान्याने मोठ्या प्रमाणावर 'स्पिदोला' हा ट्रान्झिस्टर बनवायला घेतला. दहा ट्रान्झिस्टर, बॅटरीवर चालणारा, आणि लघुलहरींचे पट्टे वेगवेगळे पसरून दिलेले. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची होती. जुन्या संचांवर साऱ्या लघुलहरी एका बोटाएवढ्या जागेत कोंबलेल्या असत. इथे प्रत्येक पट्ट्याला पूर्ण तबकडी मिळाली. गोंगाटाच्या किंचित बाजूला काटा सरकवून आवाजाची कड पकडणे हे श्रोत्यांचे मुख्य कसब होते, आणि ते आता केसभर अंतराने साधता येऊ लागले. संचाचे नाव लॅटव्हियन महाकाव्य 'लाचप्लेसिस' मधील स्पीदला या चेटकिणीवरून घेतलेले. पुढे रशियन बोलीत 'स्पिदोला' म्हणजे कोणताही ट्रान्झिस्टर, इतके ते नाव रुळले.

तो विजेच्या खांबाला बांधलेला नव्हता, हीच त्याची खरी शक्ती. त्याच्याआधीचा संच भिंतीतल्या विजेवर चाले आणि म्हणून मालकाइतकाच शहरात अडकून पडलेला असे. आता श्रोता संच उचलून गोंगाटाच्या वर्तुळाबाहेर चालत जाऊ शकत होता. दाचा नसलेली माणसे नदीकाठी तंबू ठोकत, मासे पकडायला जात. भूगर्भशास्त्रज्ञांच्या तुकड्या उन्हाळाभर तैगाच्या अरण्यात असत. शेकडो किलोमीटर परिसरात शहर नसल्यामुळे जवळची ग्लुशिल्का नसलेले ते प्रदेश म्हणजे श्रोत्यांचे नंदनवनच होते.

सरकारने एक खबरदारी घेतली होती. देशात विकल्या जाणाऱ्या संचांवर साधारणतः २५ मीटरपर्यंतचेच पट्टे असत. त्याखालचे १९, १६ आणि १३ मीटरचे पट्टे, जिथे दिवसा परदेशी केंद्रे फार स्वच्छ येतात आणि जॅमिंगही विरळ असे, ते गाळलेले असत. निर्यातीच्या संचांवर मात्र ते पट्टे दिले जात. यावर उपाय म्हणून गल्लोगल्ली हौशी तंत्रज्ञ निर्माण झाले. संचातले एक वेटोळे काढायचे, तार मोजून कमी फेऱ्यांचे नवे गुंडाळायचे, की १६ मीटरचा पट्टा उघडला. शाळेतल्या रेडिओ-मंडळात राज्यानेच शिकवलेली विद्या इथे उपयोगी पडली.

मग हे ऐकणे गुन्हा होता का? ऐकणे हा कायद्याने गुन्हा नव्हता. गुन्हा सुरू होई तो ऐकलेले दुसऱ्याला सांगितले की. रशियन फौजदारी संहितेचे कलम ७० सोव्हिएतविरोधी प्रचारासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा देई. १९६६ साली आलेले कलम १९०-१ व्यवस्थेची बदनामी करणाऱ्या 'खोट्या' मजकुराच्या प्रसाराला तीन वर्षे देई. त्यामुळे श्रोता एका विचित्र रेषेवर उभा असे. एकट्याने कानाला संच लावला तर तो निर्दोष, शेजाऱ्यासाठी आवाज वाढवला तर संशयित. अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांचा 'गुलाग द्वीपसमूह' रेडिओ लिबर्टीवरून वाचला गेला तेव्हा अनेकांनी तो टेपवर उतरवून घेतला, काहींनी हाताने लिहून काढला. संच ऐकणे आणि ग्रंथ प्रसारित करणे यांमधली रेषा अशा रात्री पुसली जाई.

जॅमिंग सदासर्वकाळ सारखे नव्हते, आणि त्याच्या चढउतारांवरून शीतयुद्धाचा आलेख काढता येतो. जून १९६३ मध्ये बीबीसी आणि 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरचे जॅमिंग थांबले. २१ ऑगस्ट १९६८ रोजी, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले त्याच दिवशी, ते पुन्हा सुरू झाले. सप्टेंबर १९७३ मध्ये पुन्हा विराम. ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क बंदरातील कामगारांनी संप पुकारला आणि गोंगाट परतला. सत्तेला कोणत्या दिवशी कशाची धास्ती वाटली, याची याहून प्रामाणिक नोंदवही दुसरी नसेल.

यांपैकी १९६८ चा ऑगस्ट श्रोत्यांच्या स्मृतीत विशेष राहिला, आणि त्यात ऋतूचाही वाटा आहे. ऑगस्ट हा दाचांचा महिना. शहरे रिकामी, लोक रानात, समुद्रकाठी, संच बरोबर. कवी येव्हगेनी येव्हतुशेंको आणि कादंबरीकार वासिली अक्स्योनोव्ह त्या दिवसांत क्रिमियाच्या किनाऱ्यावरील कोकतेबेल या लेखकांच्या विश्रामस्थानी होते. चेकोस्लोव्हाकियातील बातम्या अशा ठिकाणी प्रथम पोहोचल्या त्या ट्रान्झिस्टरमधून. वृत्तपत्रांत 'बंधुत्वाची मदत' छापून यायची होती. शहरांत गोंगाट पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाला, पण ऐकणारे निम्मे लोक त्या वर्तुळाच्या बाहेर बसलेले होते.

इंग्रजी प्रसारणे सहसा दाबली जात नसत. ती समजणारे थोडे, असा हिशेब असावा. त्यामुळे १९५५ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कॉनोव्हर सादर करीत असलेला जॅझचा कार्यक्रम एका अख्ख्या पिढीने निर्वेध ऐकला. उलट रशियन प्रसारणांवर १९६४ नंतर कधीकधी गोंगाटाऐवजी सोव्हिएत केंद्र 'मायाक'चाच कार्यक्रम फाटक्या आवाजात सोडला जाई. आपल्याच केंद्राला आपणच विद्रूप करून हत्यार बनवण्याची ही कल्पना कुणाला सुचली असेल, हा एक स्वतंत्र कुतूहलाचा विषय आहे.

या गोंगाटाची किंमत सर्वांत स्पष्ट दिसली ती १९८६ साली. २६ एप्रिलच्या पहाटे चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. २८ एप्रिलला स्वीडनमधील फोर्समार्क अणुकेंद्रात किरणोत्सर्गाची नोंद झाली आणि त्या रात्री सोव्हिएत दूरदर्शनने काही वाक्यांचे निवेदन वाचले : अपघात झाला आहे, उपाय चालू आहेत. १ मे रोजी सुमारे शंभर किलोमीटरांवरील कीव्हमध्ये नेहमीप्रमाणे मिरवणूक निघाली, मुलेही त्यात चालली. त्या दिवसांत किरणोत्सर्गी ढगाची दिशा आणि आयोडीनचे महत्त्व यांविषयी परदेशी केंद्रे बोलत होती. पण त्यांच्या रशियन आणि युक्रेनियन प्रसारणांवर तेव्हा जॅमिंग चालूच होते. खिडक्या बंद ठेवा, असा सल्ला कीव्हकरांना त्यांच्या स्वतःच्या आरोग्यमंत्र्याकडून मिळाला तो मे महिन्याचा पहिला आठवडा सरत आला तेव्हा.

आणि इथे या कहाणीतला सर्वांत कडू भाग आहे. मे महिन्याची पहिली सुट्टी म्हणजे बटाटे लावण्याचे दिवस. कीव्हच्या मध्यवस्तीत, काँक्रीटच्या भिंतींआड बसलेल्या माणसाला गोंगाटामुळे इशारा ऐकू येणे कठीण होते. तो स्वच्छ ऐकू येण्याचा संभव होता शहराबाहेर, उघड्या आभाळाखाली, नुकत्याच खणलेल्या मातीत. जिथे आवाज पोहोचत होता, तिथेच धूळही पोहोचत होती.

चेर्नोबिलनंतर जुने धोरण टिकणे अवघड झाले. जानेवारी १९८७ मध्ये बीबीसीवरचे जॅमिंग थांबले, मे महिन्यात 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरचे. रेडिओ लिबर्टीची पाळी सर्वांत शेवटी आली : ३० नोव्हेंबर १९८८. हे निर्णय मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या कारकिर्दीतले. त्यांचा लाभ आपल्याला स्वतःला होईल, अशी कल्पना त्यांना तेव्हा असण्याचे कारण नव्हते.

१८ ऑगस्ट १९९१ रोजी, पुन्हा ऑगस्टमध्येच आणि पुन्हा क्रिमियाच्या किनाऱ्यावर, फोरोस येथील सरकारी विश्रामगृहात गोर्बाचेव्ह सहकुटुंब सुट्टीवर होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांचे सर्व दूरध्वनी बंद पडले. मॉस्कोत त्यांच्याच सहकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली आणि अध्यक्ष आजारी असल्याचे जाहीर केले. तीन दिवस जगातील एका महासत्तेचा प्रमुख समुद्र आणि डोंगर यांच्या मध्ये बंदिवान होता आणि आपल्या राजधानीत काय चालले आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याच्याशी निष्ठावंत राहिलेल्या अंगरक्षकांनी नोकरांच्या खोल्यांतून काही जुने संच शोधून काढले, तारा बांधून अँटेना तयार केल्या आणि काटा फिरवायला सुरुवात केली. देशात कोट्यवधी लोकांनी दाचाच्या ओसरीवर जे केले होते, तेच.

२२ ऑगस्टच्या पहाटे गोर्बाचेव्ह मॉस्कोत परतले. त्याच दिवशी पत्रकार परिषदेत त्यांनी सांगितले की सर्वांत चांगली ऐकू आली ती बीबीसी, आणि त्यानंतर रेडिओ लिबर्टी आणि 'व्हॉइस ऑफ अमेरिका'. यांतील दुसऱ्या केंद्रावर त्यांच्याच सरकारचा गोंगाट पावणेतीन वर्षांपूर्वीपर्यंत चालू होता. पाच दिवसांनी, २७ ऑगस्टला, रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी एका आदेशावर सही केली आणि रेडिओ लिबर्टीला मॉस्कोत कार्यालय उघडण्याची परवानगी मिळाली.